वहीतली पहिली सही

राही बाय,

गावात दारूचं दुकान नको म्हणून तू घरोघरी फिरून बायका गोळा केल्यास. तरी दुकान उघडलं. आपल्याच बायका उलटल्या असं समजून तू रागानं मुरबाडच्या जीपमध्ये बसलीस. खरं सांगू? ज्या महिला सभेच्या नावावर दुकान उघडलं, ती झालीच नव्हती गो.

आमी लावणीत होतो. पंचायतीचा शिपाई दरवर्षीसारखा सभेची वही घेऊन बांधावर आला. "काकी, हजेरी लावायचीय, पटकन करा." पान कोरं होतं. मी चिखलाचे हात पदराला पुसले आणि पहिली सही केली. माझी बघून बाकीच्यांनी केल्या. मागाहून त्याच पानावर लिहिलं, दुकानाला बायकांची हरकत नाय.

तुझा काका आता रोज तिथंच असतो. कुणाला बोलू? दमले मी. हे पत्रपण बहुतेक न धाडता माझ्या कपड्यांच्या पेटीतच राहील.

काल कापणीत वही परत आली. मी म्हटलं, सभा भरवा, तिथं बसून सही करीन. शिपाई हसला आणि माझ्या नावापुढं 'गैरहजर' लिहून गेला.

माझ्याबद्दल त्या वहीत पहिल्यांदाच खरं लिहिलं गेलं.

तुझी,
गीताकाकी