बकरीचं शिंप्याचं दुकान

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. ठिपकूस अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. आपल्यात होतात ते फोन, तेही कुणाच्या लग्नाचे नाहीतर कुणाच्या आजारपणाचे. पत्र मी तुला शेवटचं कधी लिहिलं, आठवत नाही. घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा तिच्यापेक्षा जास्त कुरकुरतो, एवढंच. तुझं औषधांचं दुकान कसं चाललंय? अजून एकटीच उभी असतेस का काउंटरला?

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत इतकी वर्षं फुलांचे छेद आणि माणसाची आतडी काढली, की घरी बसल्यावर हाताला काय सांगावं ते कळेना. नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरायचो. शेवटी वहिनी वैतागून म्हणाली, "अहो, फोनवर काहीतरी बघत बसा, पण माझ्या डब्यांची झाकणं लावून लावून बघू नका."

त्यातून मला एक ग्रुप सापडला. 'चित्रांचं कपाट' असं नाव आहे. जुन्या बालपुस्तकांतली चित्रं बघायची, बाकी काही नाही. रोज एकाने एक चित्र टाकायचं आणि बाकीच्यांनी त्यात काय काय दिसतं ते सांगायचं. हा ग्रुप चालवते ती बाई दाताच्या दवाखान्यात नर्स होती. खुर्चीत रडणाऱ्या पोरांना दाखवायला म्हणून तिने पुस्तकं जमवायला सुरुवात केली, आता घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणे. तिचा एकच नियम आहे: टोचून बोलायचं असेल तर आधी चहा पिऊन या, मग लिहा. आणि खरंच कुणी टोचून बोलत नाही. बस डेपोतला एक मेकॅनिक आहे, तो चित्रांतल्या गाड्यांच्या चुका काढतो, पण इतक्या प्रेमाने, की चित्रकाराला त्या चुका मुद्दाम केल्यासारख्या वाटाव्यात. छपाईत निळा रंग रेघेबाहेर सरकला असेल तर आम्ही त्याचंही कौतुक करतो. मला तिथे सगळे 'गुरुजी' म्हणतात. कसला गुरुजी! पण बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

तर सांगायचं म्हणजे, गेल्या महिन्यात नर्सबाईंनी आपलं 'बकरीचं शिंप्याचं दुकान' टाकलं. पहिली आवृत्ती, कोपरे कुरतडलेले, पण आतली पानं शाबूत. रोज एक पान याप्रमाणे चोवीस दिवस ते पुस्तक चाललं. उंटाच्या गळ्याचं माप घ्यायला बकरी शिडीवर चढलीय आणि टेप पुरत नाही म्हणून खाली कोंबडी दुसरी टेप घेऊन उभी आहे, त्या चित्रावर लोक दोन दिवस बोलत होते. साळिंदराच्या नव्या कोटातून काटे बाहेर आलेत आणि तो आरशात बघून खूश आहे, तो तर कित्येकांनी फोनवर लावून ठेवलाय. एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "या बकरीला गिऱ्हाइकांची दया येते. तिच्या डोळ्यांतच दिसतं."

नर्सबाईंची नजर मात्र दाताच्या फटीत किडा शोधणारी. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या बाकीच्या पुस्तकांत सावलीच्या रेघा एका दिशेला कलतात आणि या एकाच पुस्तकात बरोब्बर उलट्या. असं कसं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

त्यांना मूळ चित्रं बघायची आहेत. ती तुझ्याकडेच असतील असा माझा अंदाज आहे. असतील तर फोटो काढून पाठवशील का? आणि तूही ये की ग्रुपवर. तुला आवडेल. घाई नाही, सवडीने कळव.

तुझा,
दादा


शनिवार, ५ एप्रिल

ठिपकू,

तुझं उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. मागचं पत्र मी परत मागवू शकलो असतो तर फाडलं असतं. दोन पानं लिहिली आणि एक वाक्य लिहायचं राहून गेलं: ती चित्रं तू काढलीस.

'आपलं पुस्तक' म्हणे! स्कूटरवरून पडून माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि प्रकाशकाला सहा आठवड्यांत चोवीस चित्रं हवी होती. तू एकोणीस वर्षांची, डावखुरी. "मी काढू?" म्हणालीस आणि मी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर उंट ठेवलास. मग मी हसलो नाही. सहा आठवडे तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलीस. आई तुझ्याभोवतीने भाजी चिरायची आणि म्हणायची, "हिच्या बकरीला बाजूला करा गं कुणीतरी, मला ताटं मांडायचीत."

पुस्तकावर माझं नाव आलं, कारण करार माझ्याशी होता. "पुढच्या आवृत्तीत तुझं घालू," असं मीच म्हटलं होतं. मग त्याला बक्षीस मिळालं. मग त्या बक्षिसाच्या जोरावर मला कचेरीत नोकरी लागली. त्यानंतर सांगायचं म्हणजे नोकरी लावणाऱ्यांनाही सांगायला हवं होतं. पुढच्या आवृत्त्या सहा निघाल्या.

इथवर तुला सगळं ठाऊक आहे. यापुढचं तू कधी बोलली नाहीस, म्हणून मीही नाही.

तू चित्रकला महाविद्यालयात मुलाखतीला गेलीस, तेव्हा ती मूळ चित्रं घेऊन गेलीस. दुसरं काय नेणार होतीस? मी कचेरीत होतो. तिथल्या सरांचा फोन आला. ते मला ओळखत होते. म्हणाले, "तुमची बहीण समोर बसली आहे. ही चित्रं माझी आहेत म्हणते. पण पुस्तकावर तर तुमचं नाव छापलेलं आहे. काय समजायचं आम्ही?"

माझ्या टेबलाशी साहेब उभे होते. हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त कोण कुठे होतं ते सांगतो. मी म्हणालो, "लहान आहे हो ती. माझं बघून बघून काढते."

तेवढंच. फोन ठेवला आणि साहेबांना आतड्याचं चित्र दाखवलं.

संध्याकाळी तू घरी आलीस. मी वाट बघत होतो की तू ओरडशील, आईला सांगशील, काहीतरी फेकशील. तू चपला काढल्यास आणि म्हणालीस, "ते म्हणाले, पुढच्या वर्षी स्वतःचं काहीतरी घेऊन या." आणि दोरीवरचे कपडे काढायला गेलीस. पुढच्या वर्षी तू औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश घेतलास. घरात सगळे म्हणाले, पोरीने शहाणपणा केला. मीही म्हणालो.

आई गेली त्या वर्षी मी तुझ्या दुकानात आलो होतो, आठवतं? एका म्हाताऱ्या बाईंना वाचता येत नव्हतं. तू त्यांच्या पाकिटांवर पेनने सकाळच्या गोळीसाठी सूर्य काढलास आणि रात्रीच्या गोळीसाठी चंद्र. सूर्याला डोळे होते, आणि तो त्या बाईंची चौकशी केल्यासारखा बघत होता. मी पाण्याचा ग्लास तसाच ठेवून बाहेर आलो. तुला वाटलं असेल, दादाला नेहमीची घाई.

आता, नर्सबाईंना मी काय सांगून वेळ मारून नेली ते ऐक. मी म्हणालो, माझा उजवा हात मोडला होता, म्हणून मी ते पुस्तक डाव्या हाताने काढलं.

लोक वेडे झाले. शाळेतल्या बाईंनी ती गोष्ट वर्गात सांगितली. मी थांबायला हवं होतं, पण कुणी विचारलं, "किती दिवस सराव केलात?" तर मी तेही सांगितलं. तीन आठवडे म्हणालो. खोटं बोलताना हिशेब बरोबर जमतो माझा.

मार्च महिन्यात बस डेपोतल्या मेकॅनिकने एक चित्र टाकलं. वर्षापूर्वी त्याचा उजवा हात इंजिनाच्या पट्ट्यात सापडला होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तीन बोटं गेली. ग्रुपवर जे लिहायचा ते बायकोकडून टाइप करून घ्यायचा. त्याने डाव्या हाताने तुझी बकरी काढली होती. शिडी वाकडी, उंट म्हणजे चहाची किटली, पण रेघा तुझ्या दिशेने कललेल्या. खाली लिहिलं होतं, "गुरुजी, मी वर्षभर डाव्या हाताने जेवायलाही लाजत होतो. तुम्ही केलंत म्हणून हातात पेन्सिल धरली."

सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. माझंही केलं. मी फोन पालथा घातला.

वहिनीने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" मग तिलाच आधी सांगितलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून. तुम्हाला डोळे जमत नाहीत हो. तुमची सगळी जनावरं फोटो काढायला बसल्यासारखी दिसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "मग वाट बघायची सवय झाली."

त्या दुपारी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. हात, प्लास्टर, तू, सरांचा फोन, सगळं. मग शाळेतल्या बाईंनी लिहिलं, "मी आता वर्गात काय सांगू?" आणि त्या ग्रुप सोडून गेल्या. दोघेतिघे त्यांच्या मागोमाग गेले. मला वाटत होतं, नर्सबाई मलाच काढून टाकतील. त्यांनी फोन केला. म्हणाल्या, "आधी चहा प्यायले आणि मग फोन लावला, तरी राग आहेच. आम्हाला सांगितलंत ते झालं. तिला सांगितलंत का?"

"तिला माहीतच आहे," मी म्हणालो.

"तिला माहीत आहे ते वेगळं. तुम्ही तिला सांगितलंत का?"

म्हणून हे पत्र. मी सरांना खोटं सांगितलं, ठिपकू. तू समोर बसली आहेस हे माहीत असताना सांगितलं. तुझी जागा गेली आणि माझी राहिली. मी चुकलो म्हणत नाही, चुकणं वेगळं. मी ते केलं, आणि त्यानंतर रोज केलं.

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून अजून एक काम करून घ्यायची माझी इच्छा नाही. तरी दोन गोष्टी तुझ्यापर्यंत पोचवायला हव्यात.

एक म्हणजे, प्रकाशकांकडे जाऊन आलो. आता मालकांची मुलगी बघते सगळं. मी लेखी जबाब दिला आहे. पुस्तक ते पुन्हा काढताहेत आणि या वेळी चित्रकार म्हणून तुझं नाव येईल. पहिल्या पानाचा नमुना सोबत जोडला आहे. तिने मला विचारलं, नाव कसं छापायचं, माहेरचं की सासरचं? मला सांगता येईना. तू सही कशी करतेस, हेसुद्धा तुझ्या दादाला माहीत नाही. म्हणून ती ओळ कोरी आहे. तू भर आणि थेट तिलाच पाठव. भरायची नसेल तर तसं कळव, ते पुस्तक काढणार नाहीत. माझ्या नावाने मात्र ते आता कधीच निघणार नाही.

दुसरी गोष्ट मेकॅनिकची. तो चार दिवस गप्प होता. मला वाटलं, त्याने पेन्सिल टाकली. पाचव्या दिवशी त्याचा निरोप आला. बायकोकडून टाइप करून घेतलेला नव्हता, चुका होत्या. मला एका शब्दाने बोलला नाही. लिहिलं होतं, "मग त्या ताईंना एक विचारा. डाव्या हाताने काढताना हात ओल्या शाईवरून जातो आणि सगळं फासतं. त्यांचं फासलेलं दिसत नाही. त्या काय करायच्या?"

मी सहा आठवडे तुझ्या समोरच्या खुर्चीत बसून होतो. चहा प्यायचो, सूचना द्यायचो, प्लास्टरच्या आत पट्टी घालून खाजवायचो. तू काय करायचीस, ते मी बघितलंच नाही. मी त्याला एवढंच कळवलं की मला माहीत नाही, तिला विचारतो.

त्याचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे. वाटलं तर त्याला लिही. मला लिहायची गरज नाही.

इथे 'तुझा' लिहिणार होतो. ते तुझ्याकडे ठेवतो.

दादा