सकाळपाळीची अक्षरं

प्रिय सकाळ,

समोर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय; आज रात्रीच हे तुझ्या घरी पोचवेन. ऑफिसातल्या मोठ्या बाईंनीच आपली नावं पाडलीत ना, तू सकाळ, मी दुपार. खुर्ची एक, कॉम्प्युटर एक, आणि आपली गाठ फक्त पाळी बदलताना जिन्यात. तेवढ्यात तू ‘काय तडतड्या, आज कुणाशी वाजलं?’ विचारून उतरून जातेस, आणि मला उत्तर सुचतं ते तू रस्ता ओलांडल्यावर.

घरी बरं चाललंय. दादा अजून ऐकवतो, सरांसमोर पुस्तक आपटून कॉलेज सोडणारे गृहस्थ आता लोकांच्या कागदांतले स्वल्पविराम दुरुस्त करतात. आई म्हणते, करू दे रे, निदान एका जागी बसतोय. का बसतोय, ते तिला काय माहीत!

सुरुवातीला मी स्क्रीन माझ्या पद्धतीने लावायचो. उजेड पूर्ण, पान पांढरंफटक, अक्षरं मुंगीएवढी, म्हणजे दोन पानं शेजारी-शेजारी मावतात. दुसऱ्या दिवशी येऊन पाहावं तर तू उजेड उतरवलेला, पान पिवळसर केलेलं, अक्षरं टपोरी. मी चिडून पुन्हा बारीक करायचो, तू पुन्हा मोठी. एकदा कंटाळून तुझ्याच मापात कामाला बसलो, तर करारनाम्यात गाळलेली ओळ लगेच सापडली, डोळे चुरचुरले नाहीत, मानही अवघडली नाही. तेव्हापासून तुझं काही बारीक केलं नाही. आणि मग माझ्या डोक्यात काय शिरलं, हसू नकोस, की हे सगळं तू माझ्यासाठी करून ठेवतेस. अक्षरं आणखी वाढलेली दिसली की वाटायचं, स्वारी आणखी जवळ आली. मी जाताना ती अजून थोडी वाढवून ठेवायचो, उत्तर म्हणून. बाईंनी विचारलंही, काय रे, दुकानाची पाटी रंगवतोयस का? मी कानापर्यंत लाल.

आज लवकर आलो आणि दारातच थबकलो. स्क्रीनवर जेमतेम चार ओळी मावत होत्या. तुझं नाक काचेला टेकायला आलेलं. एक डोळा हाताने झाकून वाचत होतीस. मग दुसरा झाकलास, ओळीवर अडलीस, आणि पुन्हा पहिला झाकलास. मी मागच्या मागे जिन्यात येऊन उभा राहिलो. तू नेहमीसारखी चेष्टा केलीस, पण कठडा धरून उतरलीस.

साहेब तुला नोकरीत कायम करणार आहेत, म्हणून लपवतेयस, एवढं मलाही कळतं. ऑफिसात मी कुणाला काही बोललेलो नाही. पण स्क्रीनला करता येण्यासारखं सगळं तू करून बसलीस, अक्षरं याहून मोठी होत नाहीत गं. उद्या सकाळी तुझ्या खुर्चीवर मी बसणार. माझंच काम आहे म्हणून पाळी बदलून हवी, असं बाईंना सांगितलंय. वहिनी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, ती उघडायच्या वेळेला दारात तुझी वाट बघेल. माझ्यावर चिडायचं असेल तर दुपारी येऊन चीड, मी एक शब्द उलटून बोलणार नाही. माझ्या मनातल्या गोष्टीला घाई नाही. आधी डोळे दाखवून ये. तुझी अक्षरं तू ठेवलीस तशीच असतील.

तुझाच,
दुपार