सिंकखालचा फिल्टर

१ जानेवारी २००६, रविवार
संकल्प: यंदा कोणाशी वाद न घालता घरात सुधारणा करायच्या. दिग्रसात स्वतःचं घर झालं, किचनमध्ये सिंक बसलं, तरी आमची सौ. रत्नप्रभा तळणाचं उरलेलं तेल बरणीत काढते. कढई आधी कागदानं पुसते, मग धुते. भाड्याच्या खोलीतल्या सवयी, दुसरं काय. मग सिंक कायले घेतलं?

३ जानेवारी
भजी झाली. उरलेला डालडा स्वतः सिंकमध्ये ओतला, वरून गरम पाणी. सुळकन गेला. सायन्स! ही म्हणे, थंडीचे दिवस हायेत, पुढं जाऊन गोठते ते. म्हटलं, पुढचं नगरपालिका पाहील.

८ जानेवारी
पाणी जरा हळू उतरून राह्यलं. नवीन सिंक आहे, सेट होत असेल.

१० जानेवारी
साळा श्रावण राळेगावहून आला. कापसाच्या भावावर तासभर वैतागला आणि जाताना पोतंभर कापूस इथंच टाकून गेला. विकण्यापरीस गाद्या भरा म्हणाला. गाद्या कोणीही भरते! मी सिंकच्या जाळीखाली पाइपात एक बोळा कोंबला. तेल कापूस पिऊन घेईल, पाणी खाली जाईल. फिल्टर. हिला सांगितलं नाही. रिझल्ट दिसल्यावर सांगू.

१२ जानेवारी
बोळा गायब. म्हणजे फिल्टर आपोआप पुढं सरकतो, साफ करायची कटकटच नाही. दुसरा कोंबला.

१४ जानेवारी, संक्रांत
वीस तारखेला हिचं हळदीकुंकू. सगळी आळी बोलावली. वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या, पुन्हा पुन्हा पुसून ठेवते. भाड्याच्या घरी मालकीणबाई चार बायका जमू देत नव्हती. एकदा ही बायकांना त्यांच्या दारातच हळदीकुंकू लावून परत आली होती आणि जेवली नव्हती. आता गुणगुणत फिरते. लय बरं वाटलं. वडे मीच तळणार असं जाहीर केलं.

१९ जानेवारी
वडे फर्स्ट क्लास. डालडा सिंकमध्ये, फिल्टर नवा. संध्याकाळी सिंकमध्ये पाणी उभं. मग बाथरूमच्या जाळीतून वर आलं, वास घेऊन. पायपुसणं वाहून गेलं. दोष नक्की शेजारच्यांचा. जोहराबींना विचारून आलो, तुम्ही नालीत काय टाकता? पाणी, असं म्हणाल्या आणि माझ्याकडं पाहतच राह्यल्या.

२० जानेवारी, सकाळ
आंगणातल्या चेंबरचं झाकण काढलं, तारेचा आकडा घातला. काहीतरी लागलं. ओढलं तर येतच गेलं, येतच गेलं. डालड्यात थिजलेला, सरकीसकट कापूस. पाइपाएवढी जाड वात! रत्नप्रभा दारात उभी. वाटलं, आता बोलेल. तिनं वाकून सरकी चिमटीत धरून पाहिली. श्रावणचा कापूस ओळखला तिनं. निम्मी वात तुटून आतच राह्यली.

दुपार
तीन बादल्या गरम पाणी ओतलं. सगळं पाणी बैठकीत.

२० जानेवारी, संध्याकाळ
हळदीकुंकू झालं. जोहराबींच्या आंगणात. त्यांनी स्वतः सतरंज्या टाकल्या आणि आंगणात काय तुझं-माझं, असं हिला दटावून घेऊन गेल्या. माझे वडे तिकडं गेले. मी इकडं नाक दाबून बैठक पुसत राह्यलो. भिंतीपलीकडून सगळ्यात मोठ्यानं हसणं हिचंच येत होतं. माझी गोष्ट सांगून राह्यली असावी.

परत आली तेव्हा हसणं दारातच ठेवून आली. एवढंच म्हणाली, की बायकांना आपलं घर दाखवायचं होतं. वाईट वाटलं, खरंच.

मग वाणातली उरलेली एक वाटी तिनं माझ्या हातात दिली आणि सिंककडं बोट दाखवलं. तेल यात काढायचं.

पुरुषांना वाण देत नसतात, हे मला माहीत आहे. मी गुपचूप घेतलं.