गूळ खाल्ल्यानंतरचा दावा

तांडा, हट्टा
९ मार्च २००३

चि. पुजास,
दादाचे अनेक आशीर्वाद. महिन्यापूर्वी वळणावर आपली व्हॅन वसरामकाकांच्या सायकलीला लागली. चूक माझीच. काकांचं उजवं मनगट मोडलं. काळजी करू नकोस, तांड्यात सगळं मिटलं. गुलाबचंद नाईकांनी बैठक बसवली, मी चूक कबूल केली आणि आम्ही दोघांनी सगळ्यांसमोर तंटा मिटल्याचा गूळ खाल्ला. वकीलबाई, तुमच्या काळ्या कोटाला इथं काम नाही!

फक्त हाड वाकडं जुळलंय. नांदेडचे डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मी खर्च करतो म्हणालो, पण गुळानंतर काका एक पैसा घ्यायला तयार नाहीत. त्यांची म्हैस आता मिराबाईकाकूच पिळतात आणि नवऱ्याचा हात मोडला म्हणून दिवसभर मला शिव्या घालतात.

तब्येतीला जप.
तुझा दादा, प्रेमदास

हिंगोली
१४ मार्च २००३

ती. दादास,
पुजाचा सा. नमस्कार. पत्र वाचून कपाळावर हात मारला. गाडीचा विमा दरवर्षी कशाला भरतोस? आरशाला लिंबू-मिरची बांधतोस, तसाच का? असल्या दुखापतीचा खर्च विमा कंपनी देते. पण त्यासाठी काकांनी तुझ्यावर आणि कंपनीवर कोर्टात दावा करायला हवा.

आधी पोलिसांत नोंद कर आणि कंपनीला कळव. तुझ्यावर किरकोळ गुन्हा लागेल, दंड होईल. खरं तेच सांग. दावा आमचे सीनियर वकीलसाहेब चालवतील. सख्ख्या भावाविरुद्ध मी कशी उभी राहू? काकांना तयार करणं मात्र तुझं काम. हात कायमचा अधू झाला तर मला फार वाईट वाटेल.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, पुजा

तांडा, हट्टा
३० मार्च २००३

चि. पुजास,
आशीर्वाद. माझ्यावर दावा करा म्हणून मी काकांच्या पाया पडतोय, असं ध्यान तू कधी पाहिलंस का? पोलिसांत मी सगळं सांगून आलो. काका मात्र हटून बसले. म्हणाले, गूळ खाल्ला, आता कोर्टात काहून जायचं? माझी जबान हाय का न्हाई?

शेवटी नाईकांना पुन्हा बसवलं. तेही घुटमळत होते. तेवढ्यात मिराबाईकाकू शेणाच्या हातानंच आल्या आणि सगळ्यांना सुनावलं की, गुळानं भांडण मिटतं, हाड जुळत न्हाई; व्हय म्हणा, न्हाईतर उद्यापासून म्हैस पंचांनी पिळावी. नाईकांनी लगेच निकाल दिला: दावा कंपनीवरच समजायचा, प्रेमदासचं नाव नुसतं कागदापुरतं. सोमवारी काकांना वसमतच्या कोर्टात मीच आणतो.

दादा

हिंगोली
२३ नोव्हेंबर २००३

ती. दादास,
सा. नमस्कार. लोकअदालतीत कंपनीनं तडजोड मान्य केली. ऑपरेशनचा पूर्ण खर्च मिळेल. आमचे साहेब अजून हसतात. कंपनीच्या वकिलानं काकांना विचारलं होतं म्हणे, ज्याच्यावर दावा त्याच्याच गाडीतून कसे आलात? काका म्हणाले, धडकवलं त्यानं, मग आणायला दुसरं कोण येणार? दादा, मला तुम्हा दोघांचा फार अभिमान वाटला.

ऑपरेशन झालं की लगेच कळव.
तुझी, पुजा

तांडा, हट्टा
११ मार्च २००४

चि. पुजास,
आशीर्वाद. ऑपरेशन झालं, पट्टीही निघाली. आज सकाळी वसरामकाकांनी स्वतः धार काढली आणि पहिला तांब्या आपल्या घरी आणला. उजव्या हातानंच धरला होता. मी पैसे विचारले, तर मिराबाईकाकूंनी मागून ओरडून सांगितलं की, घे मुकाट्यानं, न्हाईतर दुसरा दावा लावते.

त्याच दुधाचा चहा पीत हे लिहितोय. ये लवकर.
तुझा दादा, प्रेमदास