बासष्ट मैलांचा नवरा

सौ. व्हर्लाबाईंना ग्रँड आयलंडहून लव्हर्नचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच घातला आहे, पुरा समजून घ्यावा).

तुमचा नवा गुडघा वाकू लागला का? तुमच्या ग्लेनरावांचा मका पेरून झाला का? तुमच्या घरी सहा आठवडे एक पाहुणी मुक्कामाला आहे. ती तुमची बहीण आर्डिस, म्हणजे माझी बायको आहे. तिची प्रकृती विचारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही, पण विचारतो.

ट्रकांचा वेग यंत्रानं बांधून टाकावा की नाही, यावर सरकारनं जनतेचे अभिप्राय मागवले आणि माझे दिवस फिरले. मी एकतीस वर्षं ट्रक चालवतो. मी लिहिलं की मोटारी ताशी ऐंशी मैलांनी धावणार आणि ट्रक साठीनं रांगणार, तर मागचा येऊन आमच्यावरच आदळेल. (आजही माझं हेच मत आहे. हे ऐकून आर्डिस खाकरली तर खाकरू द्या.) आपलं लिखाण छापून आलेलं बघावं म्हणून हौसेनं सरकारी संकेतस्थळ उघडलं, तर माझ्या बरोबर खाली दुसरा अभिप्राय: आर्डिस टीट्झ, ग्रँड आयलंड. माझ्याच घरात, माझ्याच संगणकावर बसून बाईंनी लिहिलं होतं की वेग बांधाच! पुरावा म्हणून माझं नाव. उतारावर मी अठ्ठ्याहत्तर गाठतो आणि घरी येऊन त्याची फुशारकी मारतो, हेसुद्धा. शेवटी लिहिलं होतं, ‘तो वेळेवर पोचतो याचं कौतुक कंपनीला. मला तो पोचला एवढं पुरे.’ आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

आमच्या कंपनीत वाचणारे लोक आहेत हे मला तेव्हाच कळलं. सोमवारी माझा ट्रक बासष्टवर बांधला गेला. सबंध ताफ्यात एकटा माझा. रागाच्या भरात मी सरकारला दुसरा अभिप्राय धाडला: सदर महिलेनं आयुष्यात गवत कापायच्या यंत्राहून मोठं वाहन चालवलेलं नाही, आणि तेही गॅरेजच्या दारावर नेऊन आदळलं होतं. यावर आर्डिसनं अभिप्राय लिहिला नाही. तिनं बॅग भरली. आता ट्रकथांब्यावर कालची पोरं मला विचारतात, “काय काका, गवत कापून झालं का?” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता गेल्या गुरुवारचं. बुधवारी आर्डिसचा फोन आला होता, हे तुम्हाला माहीत आहेच. “शायेनला जाताना चारला कॉफीला थांब. बोलू.” मी दाढी केली. शर्टाला इस्त्री केली (खिशाजवळ जळाला). तुमच्याकडच्या सिडनी गावाच्या अलीकडे माझ्यापुढे एक अंड्यांचा ट्रक आला. त्याचाही वेग बांधलेला, साडेएकसष्टवर. मी डावीकडून ओलांडायला घेतला. अर्ध्या मैलाचा फरक, व्हर्लाबाई! चढ आला की तो पुढे, उतार आला की मी. अकरा मैल आम्ही वरातीतल्यासारखे खांद्याला खांदा लावून चाललो आणि मागे मोटारी वाजंत्र्यांसारख्या भोंगे वाजवत होत्या. रेडिओवर तो ओरडला, “आजोबा, मला ही अंडी पोचवायचीत, उबवायची नाहीत! पुढे जा नाहीतर मागे व्हा!” मी म्हणालो, “तूच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचल की जरा!” “मी का उचलू? मी माझ्या लेनमध्ये आहे!”

तेवढ्यात तुमच्या गावाचा फाटा आला. फाटा उजवीकडे, मी डावीकडे, मधे दहा टन अंडी. फाट्यालगतच्या तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत निळं काहीतरी हललं. तो तिचा स्वेटर होता. फाटा गेला. पुढून वळून यावं, तर चीज सहाच्या आत शायेनला उतरवायचं होतं. संध्याकाळी तिचा फोन आला, “थांबायचं नव्हतं तर हो कशाला म्हणालास?” आणि ठेवला.

आता खरं सांगतो. मी पाय उचलू शकत होतो. दोन मिनिटं मागे सरकलो असतो, की उजवी लेन मोकळी होती. पण ओलांडायला घेतलेला ट्रक सोडून मागे येणं आमच्या धंद्यात कुणी करत नाही. एकतीस वर्षांत मी पाय उचलला नाही, व्हर्लाबाई, रस्त्यावरही नाही आणि घरातही नाही. घर फार मोठं झालंय. मी उभ्यानंच जेवतो.

तुमच्या बहिणीचा (सध्या कागदोपत्री) नवरा,
लव्हर्न टीट्झ

ता. क. हे सगळं मी सरकारलाच कळवणार होतो, म्हणजे तिनं वाचलं असतं. पण अभिप्रायांची मुदत संपली. म्हणून तुम्हाला त्रास. पत्र टेबलावर उघडं विसरावं.

आणखी ता. क. येत्या गुरुवारी चारला तिला खिडकीत उभी करा. सिडनीच्या कितीतरी आधी, बिग स्प्रिंग्ज गावापासूनच मी उजव्या लेनमध्ये असेन, पुढे पेरणीचं यंत्र रांगत असलं तरी.

शेवटचा ता. क. काल साहेबानं बोलावलं. म्हणाला, “झालं ते झालं, तुझा ट्रक पुन्हा सत्तरवर करून देतो.” मी म्हटलं, राहू द्या बासष्टवरच. पोचलो एवढं पुरे. हे आर्डिसला सांगू नका. पण तिनं विचारलंच, तर खोटं बोलू नका.