ढब्बू जेवला का?

शनिवार, २० डिसेंबर

बुकिंग झालं! मला न विचारता! साकेत ऑफिसातून आला तोच बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा करून— "गुहागर! समुद्राला लागून. पंचवीस ते एकतीस." उर्वी नाचायलाच लागली. मी विचारलं, ढब्बूचं काय? नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. होमस्टेवाले कुत्रा घेत नाहीत म्हणे. म्हणजे एसी की नॉन-एसी हे चारचारदा विचारून घेतलं, आणि घरातल्या एका जिवाची आठवणच नाही! वर म्हणतो, "अगं, हल्ली होस्टेलं असतात त्यांची. टीव्ही पण लावतात." टीव्ही! बातम्या बघणार आहे का ढब्बू?

अण्णा जेवता जेवता म्हणाले, "तुम्ही तिघं जा. मी आणि ढब्बू राहतो घरी." साकेतने तिथल्या तिथे मोडता घातला— "तो केवढा ओढतो अण्णा, पडाल!" खरंच आहे. सासरे त्र्याऐंशीचे, आणि ढब्बूला मांजर दिसलं की तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. तेव्हा अण्णा कल्याणला उत्तराकडे. लेकच आहे त्यांची, तिथे काळजीच नाही. एका फोनवर ठरलं. ढब्बूला मात्र तिथे नेता येत नाही, उत्तराच्या सासूबाईंना कुत्र्याचा केसही खपत नाही. त्यामुळे ढब्बूचंच घोंगडं भिजत पडलंय.

रविवार, २१ डिसेंबर

शीळफाट्याजवळचं एक होस्टेल बघून आलो. पत्र्याची शेड, पण स्वच्छ. पाण्याची भांडी घासलेली होती, मी वाकून बघितली. मालक सुदेश, तिथल्याच गावातला, स्वतःच्या जागेत चालवतो. "टेन्शन नाय घ्यायचं मॅडम. नाताळात आपण फुल्ल असतो. आजपर्यंत एक पण केस नाय." केस म्हणजे काय हे विचारायचा धीर झाला नाही.

एक पग स्वेटर घालून बसला होता, मुंजीतल्या बटूसारखा. बाकीचे नुसते भुंकत होते. आणि कुंपणापलीकडे लग्नाचं लॉन! म्हटलं, आवाज? "थोडाफार. थर्टी फर्स्टला जरा फटाके." जरा! दिवाळीत आमचं बाळ चार दिवस पलंगाखालून बाहेर येत नाही. साकेत म्हणाला, "हेच बरंय, फायनल कर." त्याला सगळंच बरं वाटतं.

सोमवार, २२ डिसेंबर

ढब्बूच्या डॉक्टरांकडून घाबरण्यावरची गोळी आणली. आवाज सुरू व्हायच्या आधी अर्धी. "पण उपाशीपोटी अजिबात नाही हं. आधी खाऊ दे." ढब्बू आणि उपाशी! हसलेच मी. त्याचं नाव काय उगाच पडलंय?

मंगळवार, २३ डिसेंबर

बॅगा. माझी अजून उघडीच आहे. ढब्बूची मात्र भरून दाराशी— वाडगा, दोरी, गोळी, अंथरायला माझी जुनी साडी. त्या वासाने झोपतो तो.

सुदेशला मेसेज लिहायला बसले. पाणी कोमट. उजवा कान दुखरा, हात लावू नये. झाडू दाखवू नये. भात मऊ, ताक घालून. दही नको. उर्वी मागून वाचत होती— "आई, मेसेज आहे की पीएचडी?" असू दे. मध्येच अण्णांची पूजा आटोपली, घंटा झाली, ढब्बूला वाढलं, अण्णांचं पान घेतलं, कुकर उतरवला आणि परत मेसेजला बसले. नखं कापू देत नाही हे राहूनच गेलं होतं! एवढं लिहूनही काहीतरी विसरलेय असंच वाटतंय.

अण्णांनी आपली पिशवी आपणच भरली. कपडे, गोळ्या आणि त्यांचा देवांचा डबा. मला तिकडे बघायला वेळ झाला नाही.

बुधवार, २४ डिसेंबर

सोडलं.

कल्याणच्या वाटेवरच म्हणून आधी ढब्बूला सोडलं. शेपूट हलवत सरळ आत गेला, त्याला वाटलं आम्ही पण मागून येतोय. दाराची कडी लागली तेव्हा वळून बघितलं त्याने. मी पटकन गाडीत येऊन बसले. अण्णा उतरलेच नव्हते. काच खाली करून शेडकडे बघत होते. उर्वी म्हणाली, "आजोबा, सात दिवस तर आहेत."

अण्णांना उत्तराच्या बिल्डिंगखाली सोडलं. ती खाली येऊन उभीच होती. वर गेलो नाही, उद्याची तयारी राहिली होती. घरी येऊन दार उघडलं आणि सवयीने म्हटलं, "आले रे!" मग रडले थोडी. साकेतला कळू दिलं नाही.

गुरुवार, २५ डिसेंबर

पोचलो. रस्ता बरा होता, अर्धा. समुद्र छान आहे.

सुदेशचा मेसेज— "काल रात्री आणि आज काय खाल्लं नाय. पाणी पिला. नवीन जागा, पहिल्या दिवशी असं होतं."

होत असेल.

शुक्रवार, २६ डिसेंबर

आजही नाही! सुदेशने व्हिडिओ पाठवला. ढब्बू साडीवर बसलाय, समोर वाडगा भरलेला, आणि हा दाराकडे बघतोय. भाताकडे मान वळवून बघत नाही. हा तोच का, जो माझ्या हातातून भाकरी पळवतो?

सुदेशला फोन केला. ताक घातलं होतं? घातलं. मऊ होता? "मॅडम, मीच खाल्ला असता एवढा मऊ होता." आजारी दिसत नाही म्हणाला. वाडगा ठेवला की उठून येतो, वास घेतो, मग थांबतो. थांबतो म्हणजे? "म्हणजे कोणाची वाट बघतो तसा. मग जाऊन झोपतो."

माझी वाट बघतोय. अजून काय!

संध्याकाळी उत्तराचा फोन आला. अण्णा बरे आहेत. जेवण जरा कमी आहे. "लेकीच्या घरी संकोच गं वहिनी, जुनी माणसं. त्यातून माझ्या सासूबाई समोर." मी म्हटलं, होईल सवय. आणि तिला विचारलं, तुला शीळफाट्याला एक चक्कर मारता येईल का, ढब्बूला बघायला? ऑफिस आहे म्हणाली. मला राग आला तिचा. फोन ठेवताना म्हणाली, "अण्णा विचारतायत, ढब्बू जेवला का?"

सांग जेवला म्हणून, म्हटलं. उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला?

शनिवार, २७ डिसेंबर

काल त्या लॉनवर डीजे होता. सुदेश म्हणतो, ढब्बू कोपऱ्यात तोंड घालून थरथरत होता. गोळी द्यावी तर पोटात काही नाही! पेडिग्री झाली, अंडं झालं, चिकनही झालं. (अण्णांना कळलं तर!) वास घेतो, थांबतो, झोपतो. सुदेशच्या ओळखीचे डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. "उद्यापर्यंत खाल्लं नाही तर अॅडमिट करावं लागेल. वय आहे त्याचं." नऊ वर्षं. कुत्र्यांत म्हातारपणच ते.

मी म्हटलं, आपण परत जाऊ. साकेत म्हणाला, "नीरजा, आठवडाभर रजा टाकलीय मी. समुद्राकडे बघ जरा." तूच बघ! चांगलंच वाजलं आमचं. उर्वी वाळूत जाऊन बसली एकटी. तिची सुट्टी माझ्यामुळे नासली, तेही कळतंय मला. पण घास घशाखाली उतरत नाही. घावन समोर होते, जाळीदार, मऊसूत, आणि मला तो भरलेला वाडगाच दिसत होता.

उत्तराचा मेसेज— "अण्णा आज विचारत होते, तिकडे घंटा कोण वाजवतं? वय झालं गं. मी म्हटलं, वाजवतं कोणीतरी." मी एक हसरा चेहरा पाठवला. माझं लक्षच नव्हतं.

रविवार, २८ डिसेंबर

सगळं नीट लिहून ठेवते.

दुपारी ओटीवर बसले होते. सुदेशच्या फोनची वाट बघत. आत होमस्टेच्या मंदाकिनीकाकूंचा नैवेद्य झाला. घंटा वाजली. आणि मी उठले! उठून दोन पावलं स्वयंपाकघराकडे चालतेय, हात पुढे. कशाला? ढब्बूचा वाडगा घ्यायला!

तिथेच थांबले. घंटा!

आमच्याकडे अण्णा देवाला नैवेद्य दाखवतात, घंटा वाजवतात, मग ढब्बूला वाढायचं. मुक्या जिवाला आधी, मग माणसांना, हा अण्णांचा नेम. संध्याकाळीही तेच, दिवा लावून घंटा, मग ढब्बू. उर्वीने त्याला पिल्लू म्हणून उचलून आणलं त्या दिवसापासून. घंटा झाल्याशिवाय वाडग्याला तोंड लावलं तर अण्णा नुसते "अंहं" म्हणायचे. तो थांबायचा. तो तिकडे कोणाची वाट बघत नव्हता, घंटेची बघत होता! आणि मी बाई ताक लिहिलं, कान लिहिला, झाडू लिहिला, आणि जे दिवसातून दोनदा कानांवर पडतं तेवढंच लिहिलं नाही. अण्णांनी काल विचारलं होतं, घंटा कोण वाजवतं. त्यांना इतकं सरळ कळलं होतं, आणि आम्ही दोघींनी ते वयावर घातलं.

सुदेशला फोन केला. आधी हसला. मग म्हणाला, बकरीच्या गळ्यातली आहे, चालेल? वाजवली. ढब्बू ताडकन उठला म्हणे, कान उभे करून जाळीपाशी आला, बाहेर बघितलं, वाडग्याकडे बघितलं, आणि परत जाऊन बसला. ही घंटा नाही ती.

मग कल्याणला लावला. अण्णांची घंटा त्या देवांच्या डब्यातच होती, पण बाहेर काढलीच नव्हती! "त्यांच्या घरी त्यांची पूजा चालते," म्हणाले. "आपण मध्येच घंटा कशी बडवायची?" मी म्हटलं, अण्णा, काढा. सासूबाईंचं मी बघते. (काय बघणार होते कोण जाणे!)

दिवेलागणीला तिघांचा फोन जोडला. सुदेशने स्पीकर वाडग्यापाशी धरला. साकेत आणि उर्वी माझ्या दोन्ही बाजूंना. तिकडून अण्णांचं पुटपुटणं ऐकू आलं, मग घंटा. तीच, जराशी चिरकी. मग अण्णांचा आवाज— "ढब्बू, हं. जेव रे बाबा."

काहीच नाही. फोन कटला की काय असं वाटलं.

मग लपालप! लपालप! तो आवाज! सुदेश ओरडला, "खाल्लं ना यार! साफ केला वाडगा!" उर्वी रडत होती, साकेत चष्मा पुसत होता. अण्णांचा फोन चालूच होता बराच वेळ. मी घाईघाईत त्यांना थँक्यू म्हटलं आणि सुदेशला सांगितलं— आता गोळी द्या, अर्धी. दिली म्हणाला.

रात्री मी चार घावन खाल्ले. साकेतचे पण.

सोमवार, २९ डिसेंबर

सकाळीच उत्तराचा फोन. "वहिनी, तुमची ट्रिप खराब होईल म्हणून बोलले नव्हते. अण्णा आल्यापासून जेवतच नव्हते गं. पानावर बसायचे, पाणी फिरवायचे, आणि भूक नाही म्हणून उठायचे. ढब्बू जेवला म्हणून सांगितलं तरी त्यांना पटत नव्हतं. नुसतं दूध, तेही माझ्या शपथेवर. बीपीची गोळी पण उपाशीपोटीच. काल ढब्बूच्या खाण्याचा आवाज थांबेपर्यंत फोन कानाशी धरून बसले. मग मला म्हणाले, ढब्बू जेवला. आता मला वाढ."

सुदेशला रोज विचारत होते मी. अण्णा जेवले का, हे उत्तराला एकदाही विचारलं नाही.

साकेतला उठवलंय. तो बॅग भरतोय. शीळफाट्यावर ढब्बूला घ्यायचं आणि तसंच कल्याणला, दिवेलागणीच्या आत. उत्तराच्या सासूबाईंना सांगितलेलं नाही. दारात उभी राहीन त्याला घेऊन, मग बघू.