बिजलीला द्यायचं ठरलं

मंगळवार, कुरुंदा. दिवेलागणीनंतर.

पाय ठणकून राहिलेत, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागायची न्हाई.

बिजली ही मामंजींची कुत्री. कारवानी, शिकारी जात. तिला रोज मनसोक्त पळायला लागतं. मामंजींचे गुडघे गेल्यापासून मीच तिला माळावर नेते, पहाटे आणि परत अंगणवाडीतून आल्यावर. तरी तिचं भागत न्हाई.

आज ससा दिसला अन् तिनं हिसडा देऊन दोरी सोडवली. शेजाऱ्यांच्या हळदीतून सुसाट गेली. मी हाका मारत मागं धावले आणि बांधावर पडले. कोपर फुटलं. शेजारीण ओरडली, "अगं, आवर ते जनावर!"

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. मामंजी! काठी टेकत इतक्या लांब कसे आले कोण जाणे. एकाच शिट्टीत बिजली वळली आणि त्यांच्या पायाशी येऊन बसली. माझ्या हाका म्हणजे वारा, ती शिट्टी मात्र बराबर ऐकते.

घरी माझं कोपर बघून म्हणाले, "पोरी, डोंगरकड्याचा मेंढपाळ मागून राहिलाय तिला. देऊन टाकू. तुला लई तकलीफ होऊन राहिली."

हेच टुमणं तर मी नवऱ्याच्या मागं कधीपासून लावलं होतं. मग बरं काहून वाटेना?

"तुमाला करमंल का?" मी विचारलं.

ते तिचे कान चोळत राहिले. "तिला पळायला भेटंल. फक्त तो कधी येणार ते मला आधी सांगू नको."

मी व्हय म्हटलं आणि आत जाऊन मेंढपाळाला फोन केला. शुक्रवारी येतो म्हणाला. तोवर हे पोटात ठेवून त्यांना जेवायला वाढायचं.